भूतकाळाचा रिमोट!

इटालियनमध्ये झालेली गोष्ट सांगायचे काळ दोन. एक जवळचा, एक दूरचा. दूरचा मिलानमध्ये फक्त पुस्तकात भेटतो, पालेर्मोत मात्र तो स्वयंपाकघरात गप्पा मारत बसलेला असतो...

'मी आलो, मी पाहिलं, मी जिंकलं!' अवघड क्लायंटला पटवून मीटिंग रूममधून बाहेर पडणारा एखादा तरी हीरो प्रत्येक ऑफिसात हे वाक्य फेकत असतो. वाक्याचा मूळ मालक ज्युलियस सीझर. इसवी सनपूर्व ४७ मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या झेला इथे त्याने लढाई मारली आणि अख्ख्या मोहिमेचा रिपोर्ट तीन शब्दांत उरकला. व्हेनी, व्हिडी, व्हिसी. बॉसला असा स्टेटस रिपोर्ट एकदा पाठवून बघाच!

आता खरी गंमत. लॅटिनची लेक म्हणजे इटालियन. तिला हेच वाक्य सांगायला लावलं, तर ती ते दोन प्रकारे सांगते. एक, 'वेन्नी, विदी, विन्सी'. दुसरा, 'सोनो वेनूतो, ओ विस्तो, ओ विन्तो'. अर्थ तोच. पण पहिल्यात तलवारीचा खणखणाट आहे आणि दुसऱ्यात ट्रॅव्हल बिल भरणाऱ्याचा सूर. तरीही आजचा मिलानचा सेल्स मॅनेजर डोळे झाकून दुसरंच वाक्य बोलेल. पहिलं बोलला तर बाजूच्या टेबलवरचे लोक विचारतील, 'काय रे, नाटकात काम करतोयस का?'

या पहिल्या प्रकाराचं नाव 'पास्सातो रेमोतो', म्हणजे दूरचा भूतकाळ. (हो, आपल्या टीव्हीचा रिमोट याचाच चुलतभाऊ!) दुसरा 'पास्सातो प्रॉस्सिमो', म्हणजे जवळचा भूतकाळ. तिसरा 'इम्पेरफेत्तो'ही आहे, 'पाऊस पडत होता, मी खिडकीत उभी होते' वगैरे वातावरणनिर्मितीसाठी. पण आजचा आपला हीरो रेमोतो.

दीड वर्षापूर्वी मी इटालियनच्या वीकेण्ड बॅचला नाव घातलं. बॅचमध्ये तूरिनला पोस्टिंग मिळालेला एक सॉफ्टवेअरवाला, मिलानला डिझाइन शिकायला निघालेली एक मुलगी, ऑपेराचं वेड असलेले एक बँकवाले काका आणि काहीच कारण नसलेली मी. पहिलं वर्ष झक्कास गेलं. कॉफी मागता आली, तिकीट काढता आलं, कालचा सिनेमा कसा होता तेही सांगता आलं. मग मॅडमनी हातात एक साधी परीकथा ठेवली. लहान मुलांची! पहिल्या ओळीत गाडी सुरू झाली आणि तिसऱ्या ओळीत बंद पडली. 'दिस्से', 'फेचे', 'विदे', 'रुप्पे'... ही कुठली क्रियापदं? आमच्यापैकी कुणीच त्यांना भेटलं नव्हतं.

कारण बोलायला शिकवणारा क्लास रेमोतो शेवटी शिकवतो, आणि वाचायला घेतलेलं पुस्तक तो पहिल्या पानापासून वापरतं.

किती दूर म्हणजे दूर?

नियम ऐकायला सोपा आहे. जो कालखंड अजून संपलेला नाही, म्हणजे आज, या आठवड्यात, या वर्षी, त्यातली घटना प्रॉस्सिमोत. जो संपला, तिथली घटना रेमोतोत. शेजारच्या फ्रेंचमध्ये तर सतराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी चक्क चोवीस तासांचा हिशेब लावला होता. मध्ये एक रात्र गेली की काळ बदला! डेडलाइनसारखं.

पण भाषा कधी घड्याळ बघून चालते का? मॅडमनी दिलेलं एक उदाहरण माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. मी १९९७ मध्ये जन्मले, हे सांगताना मी 'सोनो नाता' म्हणते, म्हणजे जवळचा भूतकाळ. दान्ते १२६५ मध्ये फ्लॉरेन्सला जन्मला, हे सांगताना पुस्तक 'नाक्वे' म्हणतं, म्हणजे दूरचा. तुम्ही म्हणाल, बरोबरच आहे, साडेसातशे वर्षं झाली की! पण नव्वदीच्या आजोबांनाही स्वतःच्या जन्माबद्दल बोलताना 'सोनो नातो'च सोपं जातं. नव्वद वर्षं म्हणजे काही कालची गोष्ट नाही. तरी ती जवळची, कारण जन्मलेला माणूस समोर बसून कॉफी पितोय. तोच माणूस गेला आणि कुणी त्याचं चरित्र लिहायला घेतलं, की त्याच जन्माचं 'नाक्वे' होतं.

थोडक्यात फंडा असा: रेमोतो दिवस मोजत नाही. ही गोष्ट संपली, तिचा आजशी हिशेब उरला नाही, असं बोलणारा त्यातून जाहीर करतो. प्रॉस्सिमो दार किलकिलं ठेवतो, रेमोतो कडी घालतो.

नकाशा उघडा...

आता इथे भूगोल घुसतो. इटलीचा नकाशा म्हणजे उंच टाचेचा बूट, हे आपण शाळेत शिकलोय. या बुटाच्या वरच्या भागात, म्हणजे मिलान, तूरिन, व्हेनिसकडे, बोलताना रेमोतो जवळजवळ ऐकू येत नाही. वीस वर्षांपूर्वीची गोष्टही तिथे प्रॉस्सिमोत सांगतात. बुटाच्या टोकाला आणि टाचेला, म्हणजे दक्षिण कलाब्रियात आणि सालेन्तोत, आणि पुढ्यातल्या सिसिली बेटावर सगळा उलटा कारभार. तिथे आज सकाळी खाल्लेलं खाणंसुद्धा 'मान्जाई'! उत्तरेतला माणूस त्याच खाण्याला 'ओ मान्जातो' म्हणेल. काही गडबड झाली, तर सिसिलीकर विचारतो, 'के फू?' म्हणजे 'काय झालं?' हा 'फू' अस्सल रेमोतो. घटना दोन मिनिटांपूर्वीची असली तरी.

आणि मधल्या तोस्काना प्रांतात, म्हणजे फ्लॉरेन्सच्या परिसरात, दोन्ही काळ आपापल्या जागी अजून बऱ्यापैकी नांदतात. पुस्तकातला नियम मुळात इथलाच आहे.

म्हणजे एकच क्रियापद मिलानमध्ये भरजरी शेला, तर पालेर्मोत रोजचा टी-शर्ट! दक्षिणेतून नोकरीसाठी मिलानला आलेला तरुण सवयीने 'आज सकाळी मान्जाई' म्हणाला, तर आसपासच्यांना त्याचं गाव लगेच कळतं. आपल्याकडे पुण्याच्या ऑफिसात कुणी 'मी काम करून राहिलो' म्हणालं की पाचजण वळून 'विदर्भ का?' विचारतात, तसंच. बोलणाऱ्याच्या व्याकरणात चूक काही नसते. फक्त त्याचा पत्ता वाक्यासोबत आलेला असतो.

दक्षिणेतच हा काळ एवढा का टिकला? गेरहार्ट रोल्फ्स या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने त्यामागे ग्रीक भाषेचा हात पाहिला. तिथे एके काळी ग्रीक वसाहती होत्या आणि काही गावांत ग्रीक बोली टिकून राहिल्या. उत्तरेचं कारण मात्र शेजाऱ्यांकडे बघितलं की लक्षात येतं. पॅरिसच्या बोलण्यातूनही असाच साधा भूतकाळ गेला, दक्षिण जर्मनीतल्या बोलण्यातूनही गेला. मिलान या पट्ट्याला चिकटून आहे. सरहद्दी पासपोर्ट तपासतात, व्याकरण नाही!

लॅटिनचा वारसा, पोरांना शिक्षा

रेमोतोचा दरारा आहे तो त्याच्या रूपांमुळे. ही रूपं थेट लॅटिनमधून आली. लॅटिन 'फेकी'चं 'फेची' झालं (मी केलं), 'दिक्सी'चं 'दिस्सी' (मी म्हणालो), आणि 'विदी' तर दोन हजार वर्षं जसंच्या तसं. सीझरने लिहिलेलं क्रियापद आजचा शाळकरी मुलगा वहीत लिहितो. कूल ना?

त्या मुलाला विचाराल तर तो 'नाही' म्हणेल. कारण पिण्याचं 'बेव्वी', तोडण्याचं 'रुप्पी', कळण्याचं 'सेप्पी', शिजवण्याचं 'कॉस्सी'. सगळं पाठ करायचं! 'शिजवलं'चा रेमोतो अचानक विचारला तर उत्तरेकडचे सुशिक्षित लोकही क्षणभर थांबतात. बोलण्यात नसलेली गोष्ट जिभेवर कशी असेल?

प्रॉस्सिमोचं यश इथेच आहे. 'असणे' किंवा 'जवळ असणे' हे एक सहायक क्रियापद घ्या, पुढे एकच ठरलेलं रूप जोडा, काम फत्ते. भाषा वापरणारा माणूस शेवटी तुमच्या-आमच्यासारखाच, शॉर्टकट दिसला की घेणारा.

मग हा गेला का नाही?

उत्तर दडलंय इटालियन कशी तयार झाली त्यात. आज जिला आपण इटालियन म्हणतो, ती चौदाव्या शतकातल्या फ्लॉरेन्सच्या लेखकांची भाषा. दान्ते, पेत्रार्क, बोकाच्चो. १५२५ मध्ये पिएत्रो बेम्बोने पेत्रार्क आणि बोकाच्चो यांना लिखाणाचे आदर्श ठरवलं. १५८३ मध्ये फ्लॉरेन्सला 'आकादेमिया देल्ला क्रूस्का' ही भाषेची राखण करणारी संस्था उभी राहिली आणि १६१२ मध्ये तिने शब्दकोश काढला. देश मात्र एक झाला थेट १८६१ मध्ये! तेव्हा इटालियन येणारे लोक किती? तुल्लियो दे माउरो यांच्या प्रसिद्ध अंदाजानुसार जेमतेम अडीच टक्के. पुढे आर्रिगो कास्तेल्लानी यांनी तो आकडा दहा टक्क्यांच्या आसपास नेला. दहा धरले तरी बाकीचे नव्वद आपापली बोली बोलत होते.

म्हणजे ही भाषा शतकानुशतकं लोकांच्या तोंडापेक्षा कागदावर जास्त जगली. कागदावरचा भूतकाळ म्हणजे रेमोतो. आलेस्सान्द्रो मान्झोनी तर पक्का मिलानचा. त्याने 'इ प्रोमेस्सी स्पोझी' ही कादंबरी १८२७ मध्ये छापली, फ्लॉरेन्सला गेला, तिथली जिवंत भाषा कानात साठवली आणि १८४० ते १८४२ मध्ये अख्खी कादंबरी पुन्हा घासूनपुसून काढली. शाळेत ती सक्तीने वाचावी लागते, त्यामुळे मिलानच्या पोरालाही फ्लॉरेन्सचा भूतकाळ चुकत नाही.

आणि हे फक्त जुन्या पुस्तकांचं नाही हं. तुमच्यापैकी अनेकांनी एलेना फेर्रान्तेची 'माय ब्रिलियंट फ्रेंड' वाचली असेल, किंवा २०१८ पासून आलेली सीरिज रात्र जागून संपवली असेल. २०११ ची मूळ इटालियन कादंबरी सुरू होते त्याच सकाळी आलेल्या एका फोनपासून, आणि तो फोन येतो प्रॉस्सिमोत. मग साठी ओलांडलेली नायिका लिहायला बसते, नेपल्समधल्या बालपणात शिरते, आणि भाषा रेमोतोत जाते. इंग्रजी भाषांतरात ही पायरी दिसत नाही, कारण इंग्रजीला तिथे वेगळा दरवाजाच नाही.

आन्द्रेआ कामिल्लेरीचा इन्स्पेक्टर मोन्ताल्बानो आणखी वेगळी मजा करतो. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या रहस्यमालिकेची भाषा इटालियन आणि सिसिलियनची भेळ आहे. कामिल्लेरी सिसिलीतल्या पोर्तो एम्पेदोक्लेचा, २०१९ मध्ये तो गेला. त्याच्या पुस्तकांत उत्तरेच्या वाचकाला साहित्यिक वाटणारा काळ हवालदार आणि मासेवाले सहज बोलतात. पुस्तकी म्हणून हसण्यावारी नेलेलं क्रियापद कुणाच्या तरी घरात रोजचं असतं, हे इटलीला या पोलिसाने मजेत दाखवून दिलं.

'फू' म्हणजे कैलासवासी

रेमोतोची खरी ताकद कळते ती मृत्यूपाशी.

'फू' म्हणजे 'होता'. पण इटालियनमध्ये नावाआधी 'फू' लावला की माणूस दिवंगत! आपल्या 'कै.'सारखं. जुन्या सरकारी कागदांत वडिलांचं नाव लिहिताना वडील हयात असतील तर 'दी', गेलेले असतील तर 'फू'. एका अक्षरी क्रियापदात मृत्यूचा दाखला! याच 'फू'वर लुइजी पिरान्देल्लोने १९०४ मध्ये अख्खी कादंबरी बेतली, 'इल फू मात्तीया पास्काल'. नायक चांगला जिवंत आहे, पण गावाने त्याला मेलेला ठरवून टाकलंय. पुढे १९३४ मध्ये नोबेल मिळवणारा पिरान्देल्लोही सिसिलीचाच.

आमच्या बँकवाल्या काकांनी यात ऑपेराची भर घातली. पुच्चिनीच्या 'तोस्का'चा पहिला प्रयोग १९०० मध्ये रोमला झाला. त्यातलं नायिकेचं सर्वांत गाजलेलं गाणं 'विस्सी' या क्रियापदाने उघडतं, म्हणजे 'जगले'. रेमोतोत! ती गातेय म्हणजे जिवंत आहे, पण स्वतःच्या आयुष्याबद्दल ते संपल्यासारखं बोलतेय. शेवट माहीत असलेल्यांना त्या पहिल्या शब्दातच तो ऐकू येतो.

हे सगळं मला कळलं होतं ते डोक्याने. मग एका रविवारी मॅडमनी लिहायला दिलं, 'घरातल्या एका माणसाबद्दल दहा ओळी'. मी आजीबद्दल लिहिलं. आजी २०१९ मध्ये गेली, मी कॉलेजात असताना. मेल्याचा रेमोतो आहे 'मोरी'. वर्गात पहिल्यांदा ऐकला तेव्हा आम्ही सगळे फिदीफिदी हसलो होतो, कारण मराठी घरात मोरी म्हणजे भांडी घासायची जागा. त्या रविवारी मात्र पेन तिथेच अडलं. 'मोरी' लिहायचं की प्रॉस्सिमोतलं 'ए मोर्ता'?

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, ''अगं, व्याकरण दोन्हीला हो म्हणतं. तुझी आजी तुझ्यापासून किती लांब गेलीय, ते मी कसं सांगणार?''

मी 'ए मोर्ता' लिहिलं. तिच्या हातची गोधडी अजून माझ्या पलंगावर आहे, तिचा आवाज एका जुन्या फोनमध्ये आहे. पुढच्या ओळीत आजोबा आले. ते माझ्या जन्माआधीच गेले, मला फक्त भिंतीवरचा फोटो माहीत. तिथे हात न थांबता 'मोरी' लिहून गेला. एकाच घरातले, एकाच भिंतीवरचे दोघं. पण माझ्या वहीत त्यांचे काळ वेगळे झाले. बाबांनी लिहिलं असतं, तर आजोबाही कदाचित जवळच्या भूतकाळात राहिले असते.

आपल्याकडेही आहे की!

'एवढी भानगड मराठीत नाही बुवा', असं वाटत असेल तर थांबा. 'ती पहाटे उठे, जात्यावर बसे, ओव्या गाई'. हा आपला रीती भूतकाळ. वाचताना छान वाटतो, पण कॅण्टीनमध्ये कुणी 'मी पूर्वी रोज ९.१२ च्या लोकलने येई' म्हणालं, तर चहा नाकातून बाहेर येईल! आपण 'यायचो' म्हणतो, 'यायचे' म्हणतो. 'येई' उरला तो गोष्टीत, कवितेत, आठवणींच्या पुस्तकात. आणि 'आजी गावाला गेली' आणि 'आजी गावाला गेलीय' यातला फरक तर आपल्याला कुणी शिकवलेलाच नाही. 'गेलीय' म्हटलं की ती अजून तिकडेच आहे, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं.

परक्या भाषेत हे निर्णय जाणीवपूर्वक घ्यावे लागतात. लेखिका झुंपा लाहिरी २०१२ मध्ये रोमला राहायला गेल्या आणि त्यांनी २०१५ मध्ये 'इन आल्त्रे पारोले' हे पुस्तक थेट इटालियनमध्ये लिहिलं. त्यात 'ल'इम्पेरफेत्तो' नावाचं आख्खं प्रकरण आहे. इंग्रजीत एवढं नाव कमावलेल्या लेखिकेलाही भूतकाळाचं कोडं छळतं, म्हणजे वीकेण्ड बॅचवाल्यांनी टेन्शन घ्यायचं कारण नाही.

रेमोतो मरतोय, अशी ओरड इटलीत अधूनमधून होते. उत्तरेच्या बोलण्यातून तो गेला, हे खरंच. पण परीकथा अजून त्याच्यावरच संपतात. राजा-राणी सुखाने नांदले ते 'विस्सेरो', रेमोतोतच. गल्लीबोळांतल्या घरांवर संगमरवरी पाट्या आहेत, इथे अमका 'नाक्वे', इथे तमका 'विस्से'. पाटीखालून स्कूटर दामटणारा मिलानचा पोरगा दिवसभरात रेमोतोचा एक शब्द बोलत नसेल. पण पाटी वाचली की त्याला लगेच कळतं, हा माणूस आता आपल्यात नाही.

■ रेमोतोशी दोस्ती करायचीय?

• बोलायची घाई नको, आधी ओळखायला शिका. गोष्टीत मुख्यतः 'तो/ती' आणि 'ते'ची रूपं लागतात. तेवढ्यावर अर्धं पुस्तक वाचून होतं.

• १-३-३ चा फॉर्म्युला: बऱ्याच अनियमित क्रियापदांत सहापैकी तीनच रूपं वाकडी असतात. 'मी', 'तो/ती' आणि 'ते'. लिहिण्याचं बघा: स्क्रिस्सी, स्क्रिस्से, स्क्रिस्सेरो. बाकीची तीन सरळ: स्क्रिवेस्ती, स्क्रिवेम्मो, स्क्रिवेस्ते.

• सुरुवातीला ही सात पुरे: फू (होता), एब्बे (त्याच्याजवळ होतं), फेचे (केलं), दिस्से (म्हणाला), विदे (पाहिलं), वेन्ने (आला), नाक्वे (जन्मला).

• पहिलं पुस्तक कोणतं? कार्लो कोल्लोदीचा 'पिनोक्यो' (१८८३). गोष्ट माहीत असते, त्यामुळे क्रियापदावर अडलात तरी रस्ता चुकत नाही. पुढची पायरी म्हणजे इतालो काल्विनोने १९५६ मध्ये जमवलेल्या दोनशे लोककथा, 'फियाबे इतालियाने'.

• मिलानला पोस्टिंग? ऑफिसात प्रॉस्सिमोवर निर्धास्त राहा. पालेर्मोला फिरायला? 'के फू?' ऐकू आलं तर दचकू नका, आत्ताच काहीतरी घडलंय!